दिवाणावर लावलेलं किट

अर्पिताने शनिवारी संध्याकाळीच दिवाणावर किट लावलं होतं, आणि रविवारचे अकरा वाजले तरी अण्णांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

चहा झाला, पोहे झाले, आंघोळ झाली. आता ते कानटोपी घालून बाल्कनीत उन्हाला बसले होते, खोलीकडे पाठ करून. दिल्लीतल्या मयूर विहारच्या या फ्लॅटात बाल्कनीतून बाथरूमला जायची वाट दिवाणावरूनच जाते. सकाळपासून ते दोनदा गेले आणि दोन्ही वेळा भिंतीकडे तोंड करून गेले. ऐंशीला टेकलेल्या माणसाची मान इतकी वळते याचं त्यांच्या सुनेला, सुनयनाला, एरवी कौतुक वाटलं असतं. आज मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली.

साबळ्यांच्या घरात गावाला जायचं असो, सहलीला की होस्टेलला, निघणाऱ्याने बॅग भरायच्या आधी सामान दिवाणावर मांडायचं आणि अण्णांनी ते तपासायचं. अण्णा, म्हणजे मारुतराव साबळे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले त्या दिवसापासूनची ही चाल. खाली पांढरी चादर, डावीकडे कपडे, मधे औषधं आणि साबणबिबण, उजवीकडे कागद, पायथ्याशी बूट. अण्णा काठीचं टोक एकेका वस्तूवर टेकवत ‘ठीक’ म्हणायचे, नसेल ते ‘कमती’ म्हणायचे, आणि शेवटी ‘उचल किट’ म्हणायचे. तेवढं म्हटलं की माणूस निघाला. त्यांच्या मुलाला, विश्वजितला, लग्नानंतर नैनितालला जातानासुद्धा यातून सूट मिळाली नव्हती. त्या दिवशी त्याच्या किटात काय काय कमती निघालं, यावरून त्याची बहीण प्रभा अजून त्याला छळते.

त्याची मुलगी अर्पिता आता सत्तावीस वर्षांची, भुयारी मेट्रोच्या कामावर इंजिनिअर. तिच्या कंपनीला आखातातल्या एका देशात मेट्रोचं काम मिळालं होतं आणि दोन वर्षांसाठी तिची निवड झाली होती. तिकडे रविवार कामाचा दिवस. त्यामुळे आज संध्याकाळी पाचच्या आत होकाराचा मेल जायला हवा होता, नाहीतर यादीतला पुढचा माणूस.

“आजोबांनी किट बघितल्याशिवाय मी मेल नाही करणार,” तिने काल जाहीर केलं होतं.

“आणि नाहीच बघितलं तर?” सुनयनाने विचारलं होतं.

“बघतील गं. आजपर्यंत कधी नाही बघितलं असं झालंय?”

झालं होतं तसं, एकदा. अर्पिताच्या जन्माच्या आदल्या वर्षी, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये, याच दिवाणावर. सुनयना तेव्हा केंद्र सरकारच्या सर्वेक्षण खात्यात नवी होती आणि हिमाचलच्या पहाडात चार महिन्यांच्या कँपसाठी तिचं नाव लागलं होतं. डोंगरात साडी चालणार नाही, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिने किट लावलं, त्यात दोन खाकी पँटी होत्या. अण्णा एक संपूर्ण दिवस त्या खोलीत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळं उचलून कपाटात ठेवलं. पँटी पुढे बोहारणीला देऊन तिने एक कढई घेतली. ती कढई अजून घरात आहे आणि सुनयना तिच्यात कधीच काही करत नाही.

बेल वाजली. द्वारकेहून प्रभा आली होती, हातात दोन मोठ्या पिशव्या.

“वहिनी, काल लाजपत नगर पालथं घातलं!” तिने चपला काढता काढताच सुरुवात केली. “हे बघ. पायघोळ, ढगळ, फुल बाही. एक काळा, एक राखाडी, एक मरून. कोणाची माय व्याली नाही बोट दाखवायची.”

“अगं, मागच्या रविवारी तर तू म्हणत होतीस, पोरीला कशाला पाठवता.”

“माझा विरोध जाण्याला नव्हता, कपड्यांना होता. ही साइटवर जीन्स घालून जाणार, मग तिथले लोक काय म्हणणार? आता कपडे आले, विरोध संपला.” प्रभा द्वारकेच्या एका शाळेत वीस वर्षं शिकवत होती, रोज पिन लावलेल्या कडक साडीत, आणि कपड्याचा प्रश्न सुटला की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो असा तिचा अनुभव होता. तिने तिन्ही झगे किटात डाव्या बाजूला नीट मांडले. मग आवाज खाली आणून विचारलं, “अण्णा?”

सुनयनाने बाल्कनीकडे हनुवटी केली.

सोफ्यावर विश्वजित कंपनीकडून आलेली सूचना घेऊन बसला होता. पोशाखाबद्दलची सूचना होती आणि तो ती चौथ्यांदा वाचत होता. मंत्रालयात तीस वर्षं फायली हाताळलेला माणूस, वाचायला लागला की निर्णय लांबतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“दादा, तुझं काय म्हणणं आहे?” प्रभाने विचारलं.

“माझं? माझं काही नाही. अण्णा म्हणतील तसं.”

“बाबा, तुम्ही बिल्कुल काहीच मत नाही देणार?” अर्पिता आतून केस पुसत आली. “पाच वाजेपर्यंतसुद्धा नाही?”

“मी वाचतोय ना बेटा.”

सुनयनाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला एक गोष्ट लख्ख आठवली. त्या वेळीही तो असाच सोफ्यावर बसून तिचा ऑर्डरचा कागद वाचत होता. तिने ओढणी खांद्यावरून काढून खुर्चीवर टाकली आणि ती बाल्कनीत गेली.

“अण्णा, पोरगी थांबलीये.”

“बघितलं.” अण्णांनी पेपर दुमडला नाही.

“मग किट बघा.”

“मी नाही बघणार. साबळ्यांची पोर परक्याच्या देशात जाऊन डोकं झाकून फिरणार? इथं ताठ मानेनं काम करते ते काय कमी आहे?”

अर्पिता दारात येऊन उभी राहिली होती. “आजोबा, तिथे सक्ती नाहीये. सरकारी कचेरीत, जुन्या बाजारात डोक्यावर स्कार्फ घेतला तर बरं, एवढंच. तिथला रिवाज आहे. तुम्ही गुरुद्वारात रुमाल बांधता की नाही?”

“ती देवाची जागा आहे.”

“आणि ते त्यांचं घर आहे. दुसऱ्याच्या घरी जाताना आपण चपला बाहेर काढतोच ना?” अर्पिता जराही चिडली नव्हती. साइटवर चाळीस माणसांना कामाला लावणारी पोरगी ती, तिचा आवाज कधी चढत नसे. “आणि इथे मी काय मनाला येईल ते घालते असं वाटतं का तुम्हाला? मेट्रोत एक स्टोल, साइटवर जॅकेट, कंत्राटदाराच्या मीटिंगला फुल बाहीचा कुर्ता. रोज सकाळी सात वाजता मी हाच हिशोब करते. तिथेही करीन. मला जमतं ते.”

“शब्द चांगले आहेत,” अण्णा म्हणाले. “पण डोकं झाकणं म्हणजे खाली मान घालणं. मला पसंत नाही.”

सुनयनाला हसू आलं. खरंच आलं, आणि तिने ते दाबलं नाही.

“अण्णा, मी या घरात आले त्या दिवसापासून सात वर्षं तुमच्यासमोर डोक्यावर पदर घेत होते. पोळ्या लाटताना, ताप असताना, बसला उशीर होत असताना. तेव्हा माझी मान खाली होती असं तुम्हाला वाटायचं का?”

अण्णांनी पेपर खाली घेतला. आत प्रभाने जीभ चावली आणि विश्वजितने कागदातून डोकं वर काढलं. या घरात हे असं कुणी बोललेलं नव्हतं. सुनयनाला मात्र बरं वाटत होतं.

“ते वेगळं,” अण्णा म्हणाले.

“असेल. मी त्यावर भांडत नाही. मी एकच सांगायला आले. तेव्हा माझं किट तुम्ही बघितलं नाही आणि मी ते उचलून ठेवलं. ती माझी चूक. अर्पिताचं किट मी उचलणार नाही. पाच वाजोत, सहा वाजोत, पुढचा रविवार येवो. पाहुणे आले तर त्यांना जमिनीवर बसवीन. पण ते किट तिथून हलणार नाही.”

एवढं बोलून ती आत आली आणि भाजी चिरायला घेतली. लक्ष बाल्कनीकडे होतं म्हणून गाजराचे तुकडे लहानमोठे झाले, पण आज त्याला कोण बघतंय.

“वहिनी,” प्रभा तिच्याजवळ येऊन कुजबुजली, “मला माहीतच नव्हतं त्या किटाचं. मी तेव्हा बी.एड.ला पुण्याला होते ना. दादा, तू तर घरात होतास! तू काय केलंस?”

“मी काय करणार?” विश्वजित म्हणाला. मग त्याने कागद बाजूला ठेवला. “काही नाही केलं,” तो म्हणाला. “करायला हवं होतं.” तो उठून सुनयनाजवळ आला, तिच्या हातातली सुरी घेतली आणि गाजरं चिरू लागला. त्याचे तुकडे तर तिच्याहूनही वाईट होते.

एवढा वेळ सुनयनाच्या सासूबाई, सखुबाई, आपल्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. आता त्यांनी पदरातली टरफलं झटकली, कोपऱ्यात टेकवलेली अण्णांची दुसरी काठी उचलली आणि त्या दिवाणापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“चल गं अर्पिता. तुझे आजोबा दमलेत. मी बघते किट.”

“आजी, तू?”

“का? चाळीस वर्षं ऐकतेय ‘ठीक’ आणि ‘कमती’. त्यात काय मोठी विद्या आहे?” त्यांनी काठी आधी टूथब्रशवर टेकवली, मग बुटांवर, मग पासपोर्टवर. क्रमाचा पार बट्ट्याबोळ. “ठीक. ठीक. हे काय आहे? बरं, ठीक. हे बूट केवढे जड, पण ठीक.” आवाज मात्र असा खणखणीत की बाल्कनीच काय, खालच्या मजल्यावर ऐकू जावा.

बाल्कनीत पेपर फडफडला.

“आणि हे झगे. वा! छान आहे कापड. यात पोरगी साइटवर शोभून दिसेल. ठीक.”

“काय ठीक?” बाल्कनीतून आवाज आला. “साइटवर? हे?”

“हो, साइटवर. प्रभाने खास आणलेत. ठीक म्हटलं ना मी.”

अण्णा उठले. कानटोपीसकट, चष्मा कपाळावर, तसेच आत आले आणि त्यांनी सखुबाईंच्या हातातून काठी काढून घेतली. मरून झग्याची बाही काठीच्या टोकाने उचलून धरली. बाही चांगली हातभर रुंद होती, खाली लोंबत होती.

“ही बाही घेऊन तू पट्ट्याजवळ उभी राहणार? माती वर आणणारा पट्टा चालू असताना?” अण्णांचा आवाज एकदम पलटणीतला झाला होता. “कोणी निवडलं हे?”

“मी,” प्रभा म्हणाली, “पण अण्णा, ढगळ म्हटलं होतं सूचनेत.”

“सिक्कीमला आमच्या कंपनीत एक पोरगा होता, सांगलीकडचा. थंडी म्हणून मफलर गळ्यात. सक्त मनाई होती, तरी. जनरेटरवर वाकला आणि मफलरचं टोक पंख्यात गेलं. मी पाच हातांवर होतो.” ते थांबले. “बंद करेपर्यंत उशीर झाला. मशिनपाशी लोंबतं काही नको. कुणाचाही रिवाज असो, कुणाचाही हुकूम असो.”

सुनयनाने हा किस्सा कधी ऐकला नव्हता. सखुबाईंनी ऐकला असावा, कारण त्या शांतपणे पुन्हा शेंगा घेऊन बसल्या होत्या.

“आजोबा, साइटवर आम्हाला मनगटाला आवळलेली बाहीच लागते,” अर्पिता म्हणाली. “मी आत्याला सांगणारच होते.”

“मग सूचनेत ढगळ का लिहिलंय? विश्वा, वाच.”

विश्वजितने हात पुसून कागद उचलला. “सैल, पायघोळ, पूर्ण बाहीचे कपडे...” त्याने कागद उलटला आणि त्याचा चेहरा पडला. “अच्छा. मागच्या बाजूला पण आहे. ‘वरील सूचना सार्वजनिक जागा आणि कार्यालयांसाठी. प्रत्यक्ष कामावर अंगाबरोबर बसणारा, मनगटाला बंद होणारा पोशाख आणि हेल्मेट.’”

“चार वेळा वाचलंस ना रे?”

“पुढची बाजू वाचली, अण्णा.”

“ऑर्डर मागच्या बाजूलाही असते,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. झालं, आता त्यांना कुणी थांबवू शकणार नव्हतं. “हे तिन्ही झगे इकडे, वेगळे. बाजाराला, कचेरीला. ठीक. साइटला कुर्ता गुडघ्यापर्यंत, बाहीला बटण. आहे? ठीक. आणि खाली पँट. जाड कापडाची. किती आहेत?”

“चार,” अर्पिता म्हणाली.

“खाली पँटच हवी. तिला पर्याय नाही. ठीक.”

सुनयना ओट्यापाशी उभी होती. ते ‘पँटच हवी’ तिने ऐकलं. तिला राग आला, खूप जुना राग, आणि त्याच क्षणी पोरीसाठी आनंदही झाला. दोन्ही एकदम आले आणि कुठल्याला आधी वाट द्यावी ते तिला कळेना.

“स्कार्फ?” अण्णांनी काठी पुढे सरकवली. “हेल्मेटच्या खाली घेणार असशील तर टोकं कुठे जाणार?”

“टोकं...” अर्पिता प्रथमच अडखळली. “मागे सोडते ना मी.”

“कमती!”

“इकडे ये,” सखुबाई म्हणाल्या. “ऊस तोडायला बायका जातात त्या काय टोकं सोडून जातात? मुंडाशासारखं घट्ट घ्यायचं.”

“आजी, मुंडासं म्हणजे?”

“म्हणजे हे.” त्यांनी तिला समोर बसवलं, स्कार्फ कपाळावरून आवळून मागे नेला, एक पीळ दिला, मानेखालून फिरवून दोन्ही टोकं कॉलरच्या आत खोचली. प्रभाने वरून किटातलं हेल्मेट चढवलं. अर्पिताने मान गदागदा हलवली, खाली वाकली, उड्या मारल्या. एक धागा हलला नाही.

“चलो, हे तर मी इथेही वापरीन,” ती आरशात बघत म्हणाली. “किती धूळ जाते केसांत.” आणि तिची मान, सुनयनाने नीट पाहिलं, अगदी ताठ होती. अण्णांनीही पाहिलं असावं. ते काठी स्कार्फच्या जागेवर टेकवून ‘ठीक’ म्हणाले.

औषधं ठीक निघाली, कागद ठीक निघाले. काठी दिवाणाच्या टोकाला पोचली. सगळे ‘उचल किट’ची वाट बघत असताना अण्णा म्हणाले, “एक कमती आहे,” आणि आपल्या खोलीत निघून गेले. आतून लोखंडी ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात पितळेचं छोटं कुलूप होतं, दोन किल्ल्या दोऱ्याने बांधलेल्या, दोरा पिवळा पडलेला.

“ट्रंकेला कुलूप पाहिजे,” ते अर्पिताला म्हणाले.

“आजोबा, बॅगला नंबरवालं आहे.”

“असू दे. हे घे.” मग ते सुनयनाकडे वळले, पण त्यांची नजर कुलपावरच होती. “तुझ्याही किटात कुलूपच कमती होतं. बाकी सगळं ठीक होतं.”

सुनयना ओट्यापासून पुढे आली. “तुम्ही बघितलं होतंत?”

“दारातून. तू स्वयंपाकघरात होतीस. दोन पँटी, लोकरी मोजे, होकायंत्र, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले. माझ्या जवानांनी इतकं नीट कधी लावलं नाही.” अण्णांनी घसा खाकरला. “पँटी बघून मी घाबरलो. क्वार्टरमधली माणसं काय म्हणतील, गावाकडं कळलं तर काय म्हणतील. दिवसभर हिंडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सरोजिनी नगरहून हे कुलूप घेऊन आलो. तोवर तू किट उचललं होतंस.”

“पण मग तेव्हा का नाही बोललात? मी पुन्हा लावलं असतं, अण्णा. पाच मिनिटांत लावलं असतं.”

“उचललेलं बघितलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं,” अण्णा म्हणाले. “म्हणून नाही बोललो. चूक झाली माझी.”

प्रभा डोळे पुसत होती. विश्वजित खाली बघत होता. सुनयनाला रडू आलं नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. कुलूप ट्रंकेत होतं, एकोणतीस वर्षं, तीन घरं बदलून झाली तरी. तिला वाटलं होतं की त्या खोलीत कुणी आलंच नव्हतं.

“फार उशीर झाला, अण्णा,” ती म्हणाली.

“झाला.”

त्यांनी नखाने दोरा तोडला. एक किल्ली अर्पिताच्या तळहातावर ठेवली आणि दुसरी सुनयनासमोर धरली. तिने ती लगेच घेतली नाही. अण्णा हात पुढे करून उभे राहिले, त्यांनी तो मागे घेतला नाही. मग तिने किल्ली घेतली.

घड्याळात एक वाजत आला होता. अर्पिताने मोबाइल काढून मेल उघडला आणि आजोबांकडे बघितलं, त्या दोन शब्दांसाठी.

अण्णांनी काठी जमिनीवर टेकवली, पाठ ताठ केली. पण ते बघत होते सुनयनाकडे.

“उचल किट,” ते म्हणाले.

सुनयनाने किल्ली कुर्त्याच्या खिशात टाकली, दिवाणापाशी गेली आणि सगळ्यात आधी चार पँटी उचलल्या.